प्रोस्टेटची गोळी: जेवणानंतरच का, आणि सोबत काय नको

धंतोलीचा_केमिस्ट | रविवार, सकाळी १०:०५

साठीच्या पुढच्या माणसाच्या चिठ्ठीवर रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळीखाली बरेचदा प्रोस्टेटची (मूत्राशयाखालच्या, वयाने वाढून लघवी अडवणाऱ्या ग्रंथीची) गोळी असते. घेणारे वर्षानुवर्षं घेतात, पण दुकानात गर्दी असली की सांगायचं राहून जातं आणि घेणाराही 'रात्री एक' एवढंच लक्षात ठेवतो. म्हणून हा धागा. गोळी सुरू करणं, बदलणं, बंद करणं हे डॉक्टरांचं काम आहे. इथे फक्त दिलेली गोळी नीट कशी घ्यायची ते बोलू.

आधी स्ट्रिप उलटी करा आणि ब्रँडच्या नावाखालचा बारीक अक्षरातला घटक वाचा. बहुतेक गोळ्या दोन कुळांतल्या असतात.

ज्यांच्या नावाचा शेवट 'ओसिन'ने होतो त्या टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन, आणि जुन्यांपैकी प्राझोसिन, टेराझोसिन, डॉक्साझोसिन. या मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये जे स्नायू आवळलेले असतात ते सैल करतात. गुण काही दिवसांत दिसायला लागतो. ग्रंथीचा आकार मात्र तेवढाच राहतो.

दुसरं कूळ फिनास्टेराइड ५ मि.ग्रॅ. आणि ड्युटास्टेराइड ०.५ मि.ग्रॅ. नाव ऐकून घाबरू नका, दम्याला किंवा सांधेदुखीला देतात ते स्टेरॉइड हे नव्हे. या गोळ्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं डीएचटी या दुसऱ्या हार्मोनात होणारं रूपांतर अडवतात, त्यामुळे ग्रंथी हळूहळू आक्रसते. हळूहळू म्हणजे खरोखरच हळूहळू, सहा महिने धरून चाला. दोन महिन्यांत 'काही फरक नाही' म्हणून सोडून देणारे बरेच असतात, तिथे सगळी मेहनत वाया जाते.

आता जेवणाचं. टॅमसुलोसिन ०.४ मि.ग्रॅ.ची कॅप्सूल प्रकाशात धरली तर आत बारीक दाणे दिसतात. प्रत्येक दाण्यावर लेप असतो आणि त्या लेपातून औषध दिवसभर थोडं थोडं सुटतं. पोट भरलेलं असलं की ते शांतपणे रक्तात उतरतं. उपाशीपोटी घेतली तर एकूण औषध सुमारे ३० टक्के जास्त शोषलं जातं आणि रक्तातली सर्वांत वरची पातळी ४० ते ७० टक्के जास्त चढते. म्हणजे गोळी एकच, पण तिचा धक्का दीडपट. चक्कर तिथूनच येते. म्हणून रोज एकाच जेवणानंतर, साधारण अर्ध्या तासाने, अख्खी गिळायची. रात्रीचं जेवण आठला होत असेल तर साडेआठ ही वेळ बांधून टाका.

अल्फुझोसिन १० मि.ग्रॅ.चं उलट आहे. उपाशीपोटी ती निम्मीच शोषली जाते आणि गुण नीट येत नाही. तीही जेवणानंतर लगेच. सिलोडोसिन जेवणाबरोबर. कारणं वेगळी, पण नियम तोच.

बर्डीवाला | रविवार, सकाळी ११:२०

धाग्याबद्दल आभार. गिळायला त्रास होतो त्यांनी टॅमसुलोसिनची कॅप्सूल उघडून दह्याबरोबर घेतली तर चालतं ना?

धंतोलीचा_केमिस्ट | रविवार, सकाळी ११:४१

नाही. दाणे दाताखाली फुटले की लेप तुटतो आणि दिवसभराचं औषध एकदम सुटतं. अल्फुझोसिनची गोळीसुद्धा अर्धी करायची नाही, कुटायची नाही. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा, ते औषध बदलून देतात. घरी तोडगा काढू नका.

युरो_रामदासपेठ | रविवार, दुपारी १:३०

चांगला धागा. पहिल्या आठवड्याबद्दल थोडी भर घालतो, कारण पडण्याचे प्रकार तेव्हाच जास्त होतात.

'ओसिन' कुळातली गोळी फक्त प्रोस्टेटवर काम करून थांबत नाही, रक्तवाहिन्याही थोड्या सैलावतात. टॅमसुलोसिन आणि सिलोडोसिनमध्ये हा परिणाम कमी, प्राझोसिन, टेराझोसिन, डॉक्साझोसिनमध्ये बराच जास्त. म्हणून टेराझोसिन आणि डॉक्साझोसिन १ मि.ग्रॅ.पासून सुरू करून पायरी पायरीने वाढवतात आणि टेराझोसिनचा पहिला डोस झोपतानाच देतात.

धोक्याची वेळ रात्री दोन-तीनची. लघवीला जाग येते, माणूस झोपेतून ताडकन उठतो, रक्त पायांकडे उतरतं आणि बाथरूमच्या दारात डोळ्यांपुढे अंधारी येते. उठायची पद्धत अशी ठेवा: कुशीवर वळा, पलंगाच्या कडेला पाय सोडून बसा, दहा-पंधरा वेळा घोटे वरखाली करा, एक मिनिट जाऊ द्या, मग भिंतीला हात लावून उभे राहा. रात्रीपुरतं बसूनच लघवी करा. वाटेत छोटा दिवा आणि बाथरूममध्ये पकडायला दांडा असावा.

घरी रक्तदाबाचं मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं पडून एकदा मोजा. उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. 'चक्कर येते' या दोन शब्दांपेक्षा त्या आकड्यांवरून डॉक्टरांना निर्णय घेणं सोपं जातं.

आणि खंड पडला तर? नेहमीची वेळ चुकली तर त्याच दिवशी जेवणानंतर आठवणीने घ्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीचीच एक घ्या. दोन एकदम कधीच नाही. सलग काही दिवस चुकले तर शरीराची सवय मोडते आणि पुन्हा पहिल्या डोससारखा परिणाम होतो. टेराझोसिन-डॉक्साझोसिन मग पुन्हा १ मि.ग्रॅ.पासूनच. टॅमसुलोसिनच्या दोन कॅप्सूल रोज घेणाऱ्यांनीही अशा वेळी एकीपासून सुरुवात करायची असते. लग्नकार्यात, गावी गेल्यावर स्ट्रिप घरीच राहते, तेव्हा हे लक्षात ठेवा. परतल्यावर फोन करून विचारा, मगच सुरू करा.

परिचारिका_महाल | रविवार, दुपारी ४:१०

सर्दीच्या गोळ्यांबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा. हिवाळ्यात लघवी तुंबून आलेल्या माणसाला 'गेल्या दोन दिवसांत काय घेतलं?' विचारलं की बरेचदा सर्दीचीच गोळी निघते.

धंतोलीचा_केमिस्ट | रविवार, संध्याकाळी ६:५५

ताईंनी नेमका मुद्दा काढला. प्रोस्टेटच्या गोळीपेक्षा तिच्यासोबत घेतलेल्या दुसऱ्या गोळीने जास्त घोळ होतो, आणि ती दुसरी गोळी बहुधा चिठ्ठीशिवायच आणलेली असते.

सर्दीच्या नेहमीच्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर फेनिलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. फेनिलएफ्रिन नाक मोकळं करतं कारण ते रक्तवाहिन्या आवळतं, पण मूत्राशयाचं तोंडही त्याच यंत्रणेने आवळलं जातं. टॅमसुलोसिन जे दार उघडायला धडपडतंय तेच दार हे बंद करतं. क्लोरफेनिरामिन दुसऱ्या बाजूने मूत्राशयाच्या स्नायूचा जोर कमी करतं. दार बंद आणि ढकलणाराही ढिला. आधीच लघवी अर्धवट होणाऱ्या माणसाची रात्रीतून पूर्ण तुंबते ती अशी. स्यूडोएफेड्रिनचंही तेच.

याच यादीतली आणखी नावं सांगतो. ही स्ट्रिपच्या मागे शोधा: फेनिरामिन (खाजेला सर्रास घेतात), प्रोमेथाझिन (घाटातल्या प्रवासात उलटी होऊ नये म्हणून), डायसायक्लोमिन आणि हायोसिन (पोटात मुरडा आला की), झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी अॅमिट्रिप्टिलिन, कंपवातासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडोल यांनीही लघवी तुंबू शकते. यातली काही डॉक्टरांनीच दिलेली असतील, ती आपल्या मनाने थांबवू नका. पण देणाऱ्या डॉक्टरांना प्रोस्टेटचं माहीत आहे ना, हे विचारा.

सर्दी झालीच तर वाफ, मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब आणि अंग दुखत असेल तर साधं पॅरासिटामॉल. दुकानात 'सर्दीची गोळी द्या' एवढंच न म्हणता 'प्रोस्टेटची गोळी चालू आहे' हे आधी म्हणा. आमच्यापैकी कुणीही मग पुढची स्ट्रिप विचार करूनच काढेल.

युरो_रामदासपेठ | रविवार, रात्री ८:२०

वरच्या यादीत इट्राकोनाझोल जोडा. आपल्याकडे उन्हाळा-पावसाळ्यात जांघेतला नायटा घरोघरी, आणि त्यावर ही कॅप्सूल आठवडेच्या आठवडे चालते. यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन शरीरातून निघून जातात तेच ती अडवते. औषध साठत जातं, रक्तदाब उतरतो. अल्फुझोसिन आणि सिलोडोसिनबरोबर ती देतच नाहीत. केटोकोनाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिनच्या पोटात घ्यायच्या गोळ्या याच गटातल्या. लावायच्या मलमाला हरकत नाही, त्यातून रक्तात फारसं जात नाही.

सिलोडोसिन घेणाऱ्यांनी किडनीचा रिपोर्टही दाखवायला हवा. नेहमीचा डोस ८ मि.ग्रॅ. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त किती गाळते त्याचं माप) ३० ते ५० असेल तर ४ मि.ग्रॅ., आणि ३० च्या खाली असेल तर हे औषध द्यायचंच नसतं. याच गोळीने संभोगाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयाकडे जाऊ शकतं. हे बऱ्याच जणांना होतं. त्याने इजा होत नाही आणि औषध थांबल्यावर पूर्ववत होतं. पण आधी कुणी सांगितलेलं नसलं की माणूस घाबरून, लाजून गोळीच सोडतो.

बर्डीवाला | रविवार, रात्री ९:०२

आणि संत्री? ग्रेपफ्रूट चालत नाही असं वाचलं, तर आपल्या संत्र्यांचं काय?

युरो_रामदासपेठ | रविवार, रात्री ९:१५

खुशाल खा. तेच एन्झाइम अडवण्याचा त्रास ग्रेपफ्रूटचा आणि त्याच्या जवळच्या पपनसाचा आहे. नागपुरी संत्रं मँडरिनच्या जातीचं, त्याला हे लागू होत नाही.

नेत्रपल्लव | सोमवार, सकाळी ७:४०

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी सांगायलाच हवी. २००५ मध्ये प्रथम वर्णन झालं की टॅमसुलोसिन घेणाऱ्यांची बाहुली ऑपरेशनच्या वेळी नीट मोठी होत नाही आणि बुबुळाचा पडदा लुळा पडून फडफडतो. डॉक्टरांना आधी माहीत असलं तर ते वेगळं औषध आणि बुबुळ ताणून धरणारी कडी तयार ठेवतात, आणि ऑपरेशन व्यवस्थित होतं. माहीत नसलं तर ऐनवेळी गुंतागुंत वाढते.

'दोन वर्षांपूर्वी घेत होतो, आता बंद आहे' असं असलं तरीही सांगा. परिणाम बराच काळ मागे राहू शकतो.

बर्डीवाला | सोमवार, सकाळी ८:३०

मग पंधरा दिवस आधी गोळी बंद केली की झालं, असं ऐकलंय.

नेत्रपल्लव | सोमवार, सकाळी ९:०५

त्याचा भरवशाचा उपयोग दिसलेला नाही, आणि मध्येच लघवी तुंबली तर ऑपरेशनच पुढे जाईल. स्वतःहून बंद करू नका. उलट मोतीबिंदू जवळ आलाय आणि प्रोस्टेटची गोळी अजून सुरू व्हायची आहे, अशांनी मूत्रविकारतज्ज्ञांना ते सांगावं. थोडं थांबता येत असेल तर आधी डोळा उरकून घेता येतो.

लॅब_सक्करदरा | सोमवार, दुपारी १२:१५

पीएसएबद्दल (प्रोस्टेटमधून येणारं प्रथिन रक्तात मोजतात ती तपासणी) लिहायलाच हवं. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सुरू झाल्यावर तीन ते सहा महिन्यांत, उशिरात उशिरा वर्षभरात, पीएसए साधारण निम्म्यावर येतो. लॅबच्या छापील रिपोर्टवर 'चारपर्यंत नॉर्मल' असं असतं, मशीनला तुमची गोळी माहीत नसते. समजा आकडा ३.२ आला. कागदावर तो नॉर्मल. पण सहा महिन्यांहून जास्त ड्युटास्टेराइड चालू असेल तर तो दुप्पट करून वाचायचा, म्हणजे ६.४. ही वेगळी गोष्ट झाली, त्यावर डॉक्टरांनी विचार करायला हवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कल. आकडा उतरून १.१ वर स्थिरावला आणि पुढच्या वर्षी गोळी नियमित घेत असतानाही १.९ झाला, तर तोही 'नॉर्मल'च छापून येईल. सर्वांत खालच्या आकड्यापासून झालेली कोणतीही वाढ डॉक्टरांना दाखवायची. गोळी मध्ये सोडली असेल तर तेही सांगा, नाहीतर वाढीचा अर्थ चुकतो. रक्त देताना फॉर्मवर औषधाचं नाव लिहा. जुने रिपोर्ट फेकू नका.

केस गळतीसाठी घेतात ती १ मि.ग्रॅ.ची गोळी म्हणजे फिनास्टेराइडच. तिनेही पीएसए उतरतो.

परिचारिका_महाल | सोमवार, दुपारी ३:५०

ड्युटास्टेराइड कातडीतूनही शोषलं जातं, हे घरातल्या बायकांना कुणी सांगत नाही. सासऱ्यांच्या गोळ्या डबीत भरून ठेवायचं काम बहुधा सुनेकडे असतं. ती गरोदर असेल किंवा दिवस जाण्याची शक्यता असेल तर फुटलेल्या, गळक्या कॅप्सूलला हात लावायचा नाही, कारण पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. चुकून लागलंच तर लगेच साबण-पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना सांगा. फिनास्टेराइडची लेपवाली अख्खी गोळी हाताळली तर हरकत नाही, तुटलेली किंवा कुटलेली नको.

ड्युटास्टेराइड शरीरातून फार सावकाश जातं, त्यामुळे शेवटच्या गोळीनंतर सहा महिने रक्तदान नाही. पुरुषांनीही छातीत गाठ, दुखरेपणा किंवा स्तनाग्रातून स्राव दिसला तर दाखवावं.

समृद्धी_प्रवासी | सोमवार, संध्याकाळी ७:२५

उन्हाळ्यात गोळ्या कुठे ठेवाव्यात? आणि 'डी' लिहिलेली, 'एफ' लिहिलेली असं काय असतं?

धंतोलीचा_केमिस्ट | सोमवार, रात्री ८:४०

मे महिन्यात इथे नागपुरात पारा ४५ च्या वर जातो. स्ट्रिपवर बहुधा ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं. स्कूटरची डिक्की, गाडीचा डॅशबोर्ड, पत्र्याच्या छताखालची फळी इथे ठेवूच नका. ड्युटास्टेराइडची मऊ कॅप्सूल उन्हाने नरम पडते, एकमेकींना चिकटते, गळते. कुलरच्या तोंडाशीही नको, तिथे ओल असते. घरातल्या सर्वांत थंड आणि कोरड्या खोलीतलं लाकडी कपाट पुरतं. कॅप्सूल चिकट लागली, आकार बिघडला तर ती घेऊ नका, स्ट्रिप घेऊन दुकानात या.

नावामागचं अक्षर: 'डी' म्हणजे बहुधा टॅमसुलोसिन अधिक ड्युटास्टेराइड, 'एफ' म्हणजे फिनास्टेराइड. 'बहुधा' मुद्दाम लिहिलं. मुतखड्यासाठी टॅमसुलोसिन अधिक डेफ्लाझाकोर्ट अशीही गोळी मिळते, आणि डेफ्लाझाकोर्ट हे खरंखुरं स्टेरॉइड आहे, साखर वाढवतं. अक्षरावर जाऊ नका, घटक वाचा.

यातूनच आणखी एक चूक होते. प्रोस्टेटसाठी एका ब्रँडची टॅमसुलोसिन चालू असते, मुतखडा निघाला म्हणून दुसरे डॉक्टर दुसऱ्या ब्रँडची टॅमसुलोसिन देतात आणि माणूस दोन्ही घेतो. रक्तदाबासाठी प्राझोसिन आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन हाही दुहेरी मारा आहे. जनऔषधी केंद्रातून आणलेली गोळी आणि ब्रँडची गोळी यांत घटक व मात्रा तीच असेल तर एकीच्या जागी एक, दोन्ही नव्हे. जुनी उरलेली स्ट्रिप बाजूला काढा.

युरो_रामदासपेठ | सोमवार, रात्री ९:३०

उन्हाळ्याचा दुसरा भाग पाण्याचा. लघवी वारंवार होते म्हणून लोक पाणीच तोडतात. अंग कोरडं पडलं आणि वरून 'ओसिन' गोळी असली की रक्तदाब घसरायला वेळ लागत नाही. जुलाब-उलट्या झाल्या तर आणखी लवकर. पाणी दिवसभरात वाटून प्या, झोपण्याआधीचे दोन-तीन तास कमी करा, रात्रीचा चहा बंद. हृदय किंवा किडनीसाठी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर तेच पाळा. लघवी होण्याची गोळी, म्हणजे फुरोसेमाइड, टॉरसेमाइड, संध्याकाळी घेत असाल तर ती सकाळी हलवता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. त्या एका बदलाने रात्रीच्या दोन फेऱ्या वाचू शकतात.

उपवासाबद्दल कुणी विचारलं नाही, पण एकादशी, चतुर्थी, नवरात्र येतंच. पोटभर फराळ, जसं की साबुदाण्याची खिचडी किंवा भगर, हे त्या दिवसाचं जेवण धरा आणि त्यानंतर गोळी घ्या. केळं खाऊन नाही. निर्जळी उपवास असेल किंवा रोजे असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता जिवावर बेतणारी एक गोष्ट. सिल्डेनाफिल, टॅडालाफिल, म्हणजे लिंगाच्या ताठरतेसाठी घेतात त्या गोळ्या. टॅडालाफिल ५ मि.ग्रॅ. प्रोस्टेटसाठीही रोज देतात. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट (नायट्रेट गटातली गोळी) ज्यांच्या खिशात असते त्यांनी यांना हात लावायचा नाही. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब कोसळतो. टॅडालाफिल घेतल्यावर छातीत दुखलं तर रुग्णालयात पहिल्या वाक्यात ते सांगा, कारण पुढचे किमान ४८ तास नायट्रेट देता येत नाही. सिल्डेनाफिलसाठी २४ तास. लाज वाटून लपवू नका. आणि 'ओसिन' गोळी चालू असताना सिल्डेनाफिल हवीच असेल तर ती डॉक्टर २५ मि.ग्रॅ.पासून देतात, मित्राने दिलेली १०० ची नव्हे.

समृद्धी_प्रवासी | सोमवार, रात्री १०:०५

लांबच्या प्रवासात काय सांभाळायचं?

परिचारिका_महाल | मंगळवार, सकाळी ६:५०

रोखून धरू नका. मूत्राशय प्रमाणाबाहेर ताणलं की त्याचा जोर जातो आणि मग थांबल्यावरही लघवी उतरत नाही. दोन तासांनी थांबाच, घाई नसली तरी. गोळी नवी असेल किंवा डोस वाढवला असेल तर ते काही दिवस स्वतः गाडी चालवू नका. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिक्कीतल्या बॅगेत नको.

आणि लघवी पूर्णच तुंबली, ओटीपोट फुगून दुखतंय, जोर देऊनही थेंबच येतोय, तर घरी जास्तीची गोळी घेऊन वाट बघायची नाही, पाणी पीत राहायचं नाही. सरळ अपघात विभाग: नागपुरातली मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा जवळचं रात्री उघडं असलेलं रुग्णालय. तिथे नळी घालून मूत्राशय रिकामं करतात, बहुधा दोन-तीन दिवस 'ओसिन' गोळी देऊन मग नळी काढून बघतात. थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ, लघवीतून रक्त, चक्कर येऊन पडणं, चार तासांहून जास्त टिकलेला लिंगाचा ताठरपणा, यांनाही तिथेच.

निघताना चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत टाका, सर्दीचीसुद्धा. ड्यूटीवरचे डॉक्टर आधी त्याच मागतात.